दंडावरचा व्रण आणि १८९७ सालची दोन माणसं

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका वाडीवर गेलो होतो. बातमी दुसरीच होती, पाण्याच्या टाकीचं काम रखडलंय त्याची. अंगणवाडीसमोर गाडी लावली तर आतून आवाज चढलेला. लसीकरणाचा दिवस होता. आशाताई एका तरुण बापाला समजावत होत्या. त्याच्या पोरीला गोवराचा पहिला डोस दिलेला, दुसरा राहिलेला.

तो म्हणत होता, "ताई, मागच्या टायमाला टोचलं तर पोरगी दोन दिवस तापानं फणफणली. बायको कामाला गेली नाही, मीबी गेलो नाही. दोघांची दोन दिवसांची हजेरी बुडाली. आणि त्या सुईत असतं काय, ते तुम्हाला तरी माहीत हाय का?"

आशाताई गप्प झाल्या. कोपऱ्यात नातवाला मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं पदर बाजूला करून दंड पुढं केला. दंडावर रुपयाएवढे दोन गोल, खोलगट व्रण. म्हणाली, "आमच्या टायमाला देवी काढायचे. माझ्या काढल्या. थोरलीच्या काढल्या नव्हत्या, ती माळ्यावर लपून बसली हुती. ती गेली बघ."

एवढंच बोलली आणि पदर नीट केला. बाप म्हणाला, "बघू पुढच्या टायमाला." आणि पोरीला घेऊन गेला.

मला त्या माणसाचा राग आला नाही. "सुईत काय असतं" हा प्रश्न चुकीचा नव्हता. उलट इतका रास्त प्रश्न आपण सुशिक्षित म्हणवणारेसुद्धा विचारत नाही. तिथून आलो आणि पंधरा दिवस जमेल तसं वाचत बसलो. जे हाती लागलं ते इथं मांडतोय. ही गोष्ट शेवटी आपल्याच मुंबईत आणि पुण्यात येऊन पोचते.

सुरुवात मात्र फार लांबून करावी लागेल.

ख्रिस्तपूर्व ४३० च्या सुमारास ग्रीसमधल्या अथेन्स शहरात मोठी साथ आली. थुसिडिडीस नावाचा इतिहासकार तेव्हा तिथंच होता, त्याला स्वतःलाही तो रोग झाला आणि तो वाचला. त्यानं लिहून ठेवलंय की, जे एकदा बरे झाले तेच आजाऱ्यांची सेवा करत होते, कारण तो रोग एकाच माणसाला दुसऱ्यांदा जीव घेण्याइतका होत नव्हता. जंतू म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं, पण शरीर काहीतरी लक्षात ठेवतं हे त्या माणसाच्या नजरेनं टिपलं होतं.

ही आठवण किती वर्षं टिकते? त्याचं उत्तर १८४६ साली मिळालं. युरोपच्या उत्तरेला समुद्रात फॅरो नावाची बेटं आहेत. तिथं गोवराची साथ आली. लोकसंख्या जेमतेम ७,७८२, त्यातले सहा हजारांवर लोक आजारी पडले. पोरंबाळं, तरुण, म्हातारे, कुणीच सुटलं नाही. डेन्मार्क सरकारनं पानुम नावाच्या तरुण डॉक्टरला पाठवलं. तो घरोघर फिरला आणि त्याच्या लक्षात आलं की काही म्हातारी माणसं या साथीत अगदी ठणठणीत आहेत. चौकशी केली तर कळलं, बेटावर याआधी गोवर आला होता तो १७८१ साली. तेव्हा लहान असताना ज्यांना गोवर झाला होता, त्यांना पासष्ट वर्षांनी पुन्हा झाला नाही. मधल्या पासष्ट वर्षांत बेटावर गोवराचं नावही नव्हतं. माणसं विसरली असतील, अंग विसरलं नव्हतं.

आता ही आठवण राहते कुठं, ते बघू. मी डॉक्टर नाही, त्यामुळं मला जसं समजलं तसं सांगतो.

आपलं शरीर म्हणजे एक गाव समजा. वेशीवर तट आहे, तो म्हणजे कातडी. नाकातला शेंबूड, डोळ्यातलं पाणी, पोटातलं आम्ल हे सगळे वेशीवरचे राखणदार. बहुतेक जंतू इथंच मरतात. पण पायाला काटा लागला, तट फुटला, की जंतू आत शिरतात. मग गावातली गस्त धावते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं जमतात आणि जंतूंना अक्षरशः गिळतात. जागा लाल होते, सुजते, ठणकते. आपण म्हणतो जखम चिघळली. आत लढाई चाललेली असते आणि पू म्हणजे त्या लढाईत पडलेल्यांचा ढीग.

हे पहिल्यांदा नीट बघितलं इल्या मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञानं. साल १८८२. इटलीजवळच्या सिसिली बेटावर तो राहत होता. घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली होती, हा एकटा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला. समोर ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या समुद्रजीवाची पिल्लं होती, काचेसारखी पारदर्शक. त्याच्या डोक्यात आलं, याच्या अंगात काटा घुसवला तर काय होईल? अंगणातून गुलाबाचे काटे आणले आणि टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी जमलेली. या भक्षक पेशींच्या शोधासाठी त्याला १९०८ साली नोबेल मिळालं, पॉल एर्लिश यांच्याबरोबर विभागून.

हा मेचनिकोव्ह लक्षात ठेवा. त्याचा एक विद्यार्थी पुढं भायखळ्याला येणार आहे.

तर गस्तीच्या पेशी जंतू गिळतात. पण त्यांतल्या काही पेशी आणखी एक काम करतात. गिळलेल्या जंतूचा तुकडा घेऊन त्या जवळच्या ठाण्यात जातात. हे ठाणं म्हणजे काखेत, जांघेत, गळ्याला असलेल्या छोट्या गाठी. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला आपल्याकडे अवधाण म्हणतात. आजी विचारायची ना, "अवधाण आलंय का रे?" ते अवधाण म्हणजे ठाण्यात चाललेली धावपळ. तिथं लाखो प्रकारच्या पेशी बसलेल्या असतात आणि प्रत्येकीला एकेकच चेहरा ओळखता येतो. आणलेला तुकडा एकेकीला दाखवला जातो. जिला तो ओळखतो ती कामाला लागते. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. मग त्या प्रतिपिंडं बनवतात. प्रतिपिंड म्हणजे त्या एकाच जंतूला बरोबर चिकटणारा रेणू. तो चिकटला की जंतू खिळून जातो आणि भक्षक पेशींना त्याला धरणं सोपं होतं. दुसऱ्या जातीच्या पेशी, ज्यांना टी पेशी म्हणतात, त्या आपल्याच ज्या पेशींत विषाणू घुसून बसलाय त्या शोधून मारतात.

हे सगळं व्हायला पहिल्या वेळी आठ-पंधरा दिवस जातात. खरी मेख इथं आहे. जंतू तेवढा वेळ देत नाही. जो आधी पोचला तो जिंकला.

पण माणूस वाचला, तर त्या पेशींतल्या काही मागं राहतात. वर्षानुवर्षं राहतात. त्याच म्हणजे आठवण. तोच जंतू पुन्हा आला की दोन-तीन दिवसांतच सगळी फौज उभी. फॅरो बेटावरच्या म्हाताऱ्यांच्या अंगात पासष्ट वर्षं हेच टिकून राहिलं होतं.

मग माणसाच्या डोक्यात प्रश्न आला, की रोग न होता ही आठवण देता येईल का?

देवीच्या रोगावर हा प्रयत्न फार जुना आहे. देवीच्या फोडातला थोडा अंश निरोगी माणसाला टोचायचा, म्हणजे सौम्य देवी येतात आणि पुढं कायमची सुटका. चीनमध्ये हे होतं, तुर्कस्तानात होतं, आपल्याकडे बंगालात टीकादार लोक गावोगाव फिरून हे करत. पण यात धोका होता. टोचलेल्यांतले काही मरत, काहींपासून साथ पसरे. १४ मे १७९६ रोजी इंग्लंडमधल्या खेड्यातला डॉक्टर एडवर्ड जेन्नर यानं गवळणीच्या हातावरच्या गायदेवीच्या फोडातला द्रव घेतला आणि आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या पोराला टोचला. नंतर मुद्दाम खऱ्या देवी टोचून बघितल्या, पोराला काही झालं नाही. आज असं केलं तर तुरुंगात टाकतील, पण तेव्हा झालं.

तो द्रव भारतात कसा आला हे वाचून मी थक्क झालो. बर्फाची पेटी नव्हती. वाटेत द्रव वाळून जायचा. मग माणसाच्या दंडावरून माणसाच्या दंडावर असा तो प्रवास करत आला. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा आणि तिथून जहाजानं मुंबई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला तो टोचला गेला. भारतातली ही पहिली लस. तिच्या दंडावरच्या फोडातून घेतलेला द्रव पुढं पुण्याला आणि देशभर गेला. आपला "लस" हा शब्दही तिथलाच. लस म्हणजे फोडातून पाझरणारा पातळ, चिकट द्रव. आज सुईतून काहीही दिलं तरी आपण लसच म्हणतो. अंगणवाडीतल्या त्या आजीच्या दंडावरचे व्रण म्हणजे याच गोष्टीचं शेवटचं पान. १९७५ च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. माझ्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे, देवीचा नाही. माझ्या पिढीला त्याची गरजच राहिली नाही.

आता १८९६ सालात येऊ.

सप्टेंबर महिन्यात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची जांघ तपासली आणि ओळखलं, हा प्लेग आहे. गाठीचा ताप. ही गाठ म्हणजे कोणती? तीच, अवधाणाची. प्लेगचा जंतू इतका बेरका की गस्तीच्या पेशीनं गिळला तरी मरत नाही. तिच्या पोटात बसूनच थेट ठाण्यात पोचतो आणि ठाणंच ताब्यात घेतो. जिथं फौज तयार व्हायची तिथं शत्रू वाढायला लागतो. गाठ लिंबाएवढी होते, आणि त्या काळी बहुतेक वेळा माणूस आठवड्याच्या आत जायचा.

मुंबई रिकामी व्हायला लागली. लाखो लोक गावाकडं निघाले आणि काहींबरोबर प्लेगही निघाला.

सरकारनं ऑक्टोबरमध्ये एका माणसाला मुंबईला पाठवलं. वाल्देमार हाफकिन. जन्म ओडेसाचा, धर्मानं यहुदी, मेचनिकोव्हचा विद्यार्थी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याला आधी ग्रंथालयातली नोकरी मिळाली होती, संशोधन उरलेल्या वेळात. तिथं त्यानं कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२ साली आधी स्वतःला टोचली आणि १८९३ मध्ये ती घेऊन भारतात आला. मुंबईत त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. बस्स.

त्या व्हरांड्यात त्यानं काय केलं? मटणाच्या सारासारख्या रसात प्लेगचे जंतू वाढवले. वरून तूप सोडलं. हो, आपलं तूप. तुपाच्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबायला लागत, गुहेतल्या छताला चुनखडीची झुंबरं लोंबतात तसे. ते हलवून खाली पाडायचे, पुन्हा वाढू द्यायचे. असे भरपूर झाले की सगळं तापवून जंतू मारून टाकायचे. उरलं ते मेलेल्या जंतूंचं पाणी. हीच लस.

"सुईत काय असतं?" या प्रश्नाचं १८९७ सालचं उत्तर हे. मेलेला शत्रू. त्याला चावता येत नाही, वाढता येत नाही, पण चेहरा तोच. ठाण्यातल्या पेशींना तो चेहरा दाखवायचा आणि म्हणायचं, हा बघून ठेवा. उद्या जिवंत येईल. गोवराच्या आजच्या लसीत विषाणू जिवंत असतो, पण दुबळा केलेला. पद्धती बदलल्या, तत्त्व तेच. आणि पोरीला आलेला ताप? तो बहुतेक वेळा ठाणं जागं झाल्याचाच असतो. ताप अंगावर काढू नये, पण त्याला घाबरून पुढचा डोसही चुकवू नये.

१० जानेवारी १८९७. हाफकिननं लस तयार केली आणि पहिली सुई स्वतःला मारून घेतली. मोठा डोस घेतला. ताप आला, टोचलेली जागा दुखली, तो सहन करत काम करत राहिला आणि बरा झाला. मग कॉलेजातले डॉक्टर आणि इतर लोक पुढं आले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथं ज्यांनी हो म्हटलं अशा जवळपास निम्म्या कैद्यांना लस दिली. तुरुंगातला होकार किती खरा असतो, हा प्रश्न मी विचारणारच, पत्रकार आहे. पण निकाल स्पष्ट होता. ज्यांच्या अंगात रोग आधीच शिरला होता असे काही जण टोचल्याच्या दिवशीच आजारी पडून दगावले. त्यानंतर मात्र न टोचलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला, सहा मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, दोघंही वाचले. ही लस पूर्ण संरक्षण देत नव्हती. पण धोका बराच कमी करत होती, आणि त्या काळात एवढंही दुसरं काही देत नव्हतं.

लोक घाबरत होते, अफवा होत्या. आधीच ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. तिथं माणसं मारायला नेतात अशी समजूत होती. अशा वेळी आगाखान तिसरे यांनी काय केलं, तर आपल्या अनुयायांसमोर, सगळ्यांना दिसेल असं, स्वतः टोचून घेतलं. हाफकिनच्या प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. त्यांच्या समाजातले हजारो लोक पुढं आले.

आता त्याच वर्षी, १८९७ मध्येच, घाटाच्या वर पुण्यात काय चाललं होतं बघा.

फेब्रुवारीत सरकारनं साथरोग कायदा केला. पुण्यात प्लेग कमिटीवर वॉल्टर चार्ल्स रँड आला. हा आधी साताऱ्याला अधिकारी होता. त्यानं लष्कर आणलं. गोरे सोजीर घरात शिरायचे, स्वयंपाकघरात, देवघरात जायचे. प्लेगची गाठ काखेत आणि जांघेत असते, तेव्हा बायकांची तपासणी कशी आणि कुठं झाली असेल याची कल्पना करा. सामान बाहेर काढून जाळलं जायचं. आजारी माणूस सापडला की तो प्लेगच्या छावणीत आणि घरचे वेगळ्या छावणीत. लोक आजारी माणसं लपवायला लागले, मढी लपवायला लागले. टिळकांनी 'केसरी'तून यावर कडाडून टीका केली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तिन्ही भाऊ फासावर गेले.

यातली सगळ्यात बोचरी गोष्ट अशी की, ही झडती फारशी कामाचीच नव्हती. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. म्हणजे सोजीर माणसांच्या काखा तपासत होते आणि उंदीर माळ्यावर खुशाल फिरत होते. घरं उचकटली गेली, अब्रू गेली, विश्वास गेला आणि प्लेग तिथंच राहिला.

त्याच पुण्यात त्याच मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, त्यातून त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लस मुंबईत दोनच महिन्यांपूर्वी तयार झाली होती.

एकच साल, एकच रोग, एकच सरकार. एका माणसानं सुई आधी स्वतःला टोचली आणि मग लोकांना विचारलं, घेणार का? दुसऱ्यानं दारावर बंदूक ठेवली.

हाफकिनची गोष्ट मात्र गोड शेवटाची नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली, त्यातले १९ जण धनुर्वातानं मेले. एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले. चौकशी आयोगानं बोट प्रयोगशाळेकडं दाखवलं आणि हाफकिनला कामावरून दूर केलं गेलं. पण बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस, ज्यांनी मलेरिया डासांतून पसरतो हे शोधलं, ते आणि इतर शास्त्रज्ञ हाफकिनच्या बाजूनं उभे राहिले. १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. परत भारतात आला, पण पूर्वीचं काम कधी मिळालं नाही. १९१५ च्या आसपास निवृत्त झाला, १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गेला. लग्न नाही, मूलबाळ नाही. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं, ती आजची हाफकिन संस्था. परळला जाणारे-येणारे रोज पाटी वाचतात, तो माणूस कोण हे किती जणांना माहीत आहे?

मुल्कोवालची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. लसीच्या बाजूनं लिहायचं म्हणून चूक झालीच नाही असं लिहिलं, तर माझ्यात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फेकाफेकीत फरक काय राहिला? चुका होतात. त्या शोधल्या, सांगितल्या, सुधारल्या की विश्वास टिकतो. दाबल्या की जातो.

आता परत गोवराकडं. आपल्याकडे गोवर म्हणजे किरकोळ, असा समज आहे. "सगळ्यांना येतो, निघून जातो." घरात कडुनिंबाचा पाला बांधायचा, फोडणी टाकायची नाही, चार दिवस काळजी घ्यायची. या रिवाजांना मी हसणार नाही, त्यात आजारी पोराला विश्रांती देण्याचं शहाणपण आहे. पण २०१९ साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन प्रत्येक आईबापानं ऐकायला हवं. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं. गोवरानंतर त्यांच्या अंगातली इतर रोगांविरुद्धची प्रतिपिंडं ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाली होती. गोवराचा विषाणू नेमका आठवणीच्या पेशींतच घुसतो. म्हणजे पोरानं आजवर जे जे आजार काढून शिकून ठेवलं, ती वहीच तो फाडून टाकतो. गोवर बरा झाल्यावर पोर सारखं आजारी पडतं, न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, त्याचं एक मोठं कारण हे. लसीमुळं मात्र वही फाटत नाही, तिच्यात एक पान वाढतं.

आणि हे काही परदेशातलं प्रकरण नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, मग मालेगावला, भिवंडीला गोवराची साथ आली, लेकरं दगावली. कोरोनाच्या दोन वर्षांत डोस राहून गेले होते. गोवर इतका झपाट्यानं पसरतो की गावातल्या शंभरातल्या पंच्याण्णव लेकरांना दोन्ही डोस मिळाले तरच तो थांबतो. नऊ महिने पूर्ण झाल्यावर एक, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. हे डोस सरकारी केंद्रात फुकट मिळतात.

२०२० मध्ये सरकारनं १८९७ चा तोच साथरोग कायदा कपाटातून काढला. मला वाटलं, कायदा काढलात ते ठीक, पण त्याच वर्षाचा दुसरा धडाही काढायचा होता. दंडुक्यानं रस्ता रिकामा करता येतो. आई आपलं लेकरू तुमच्या हातात देते ती दंडुक्यामुळं नाही.

त्या वाडीवरच्या बापाचं पुढं काय झालं ते सांगतो आणि थांबतो.

आशाताईंनी त्याला नोटीस दिली नाही, रेशन बंद होईल अशी धमकी दिली नाही. मीच फोन करून विचारलं तर म्हणाल्या, "साहेब, मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. चहा घेतला. माझ्या स्वतःच्या पोराचं लसीचं कार्ड दाखवलं. आणि म्हणलं, दादा, बाजाराच्या आदल्या दिवशी पोरीला उपकेंद्रात आणा. बाजाराच्या दिवशी तुम्हाला तसंही काम नसतं. ताप आलाच तर हजेरी बुडणार नाही. गोळी मी देते आणि सकाळी येऊन बघून जाते."

तो घेऊन आला. पोरीला रात्री ताप आला. सकाळी सात वाजता आशाताई दारात होत्या.

हाफकिनचं नाव त्यांनी ऐकलेलं नाही, मी विचारलं होतं. आणि आपल्या राज्यात अशा हजारो ताया आहेत ज्यांचा मोबदला महिनोन्‌महिने अडकतो, ज्यांना मोर्चे काढावे लागतात. त्यावर वेगळं लिहीन, लिहायलाच पाहिजे.

आज एवढंच करा. घरात, शेजारी, भावकीत दोन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर त्याचं कार्ड मागून बघा. गोवराचे दोन्ही रकाने भरलेत का? नसतील तर भांडू नका, लेक्चर देऊ नका. बसा, चहा घ्या, ऐकून घ्या. आणि घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्या दंडावरचे ते गोल व्रण पोरांना दाखवा, आणि त्यामागची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐका.

तुमच्या घरातली अशी गोष्ट असेल तर खाली लिहा. मी प्रत्येक वाचतो.